फोनवरची लिमये

"फोनवर आडनाव वेगळं सांगत जा," सर म्हणाले.

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. नोकरीला लागून तिसरा महिना चालू होता. बुधवार पेठेत, वायरी आणि सीसीटीव्ही कॅमेरे विकणाऱ्या दुकानांच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आमची कंपनी. कंपनी म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत मालक, म्हणजे अभय सर, आणि त्यांची बायको वृंदा मॅडम. बाहेरच्या खोलीत मी, प्रफुल आणि एक प्रिंटर. सरांनी मला आत बोलावून चहा मागवला होता. चहा मागवलाय म्हणजे काहीतरी चांगलंच सांगणार असतील, असं मी धरून चालले होते.

"वेगळं म्हणजे कसं?"

"म्हणजे तुझं नाही ते."

"अहो, नीट सांगा ना तिला," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. आवाज मऊ. "हे बघ, आपले कस्टमर कोण आहेत ते तुला माहितीय. सगळी वधू-वर सूचक मंडळं. त्या लोकांना आडनावावरून सगळं कळतं. त्यांचा धंदाच तो आहे. काल एका मंडळातून फोन आला होता. तुझी तक्रार नाही काही. फक्त विचारत होते, ही मुलगी कोण ठेवलीय तुम्ही."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आम्ही हे काही मानत नाही हं," सर म्हणाले. "मानत असतो तर तुला घेतलं असतं का?"

याला उत्तर नसतं. म्हणजे असतं, पण पंचविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीत, ते तोंडात येत नाही.

"माझं माहेरचं सांग," मॅडम म्हणाल्या. "लिमये. नाहीतरी आता ते कुणी वापरत नाही."

घरकामाच्या बाईला जुनी साडी द्यावी, तसं त्यांनी मला आडनाव दिलं. मी ते घेतलं. वर थँक्यूसुद्धा म्हणाले. हे लिहिताना लाज वाटते. पण म्हणाले.

आम्ही बोपोडीचे. आजोबांनी धम्म घेतला, तेव्हा घरातले देव नदीत सोडले, एवढं मला ऐकून माहीत. वडील खडकीला फॅक्टरीत होते. आई एका हॉस्पिटलात आया. वडलांना मराठीचं वेड. पेपर मोठ्यानं वाचायला लावायचे. आम्ही भावंडं लहानपणी 'पानी' म्हणायचो, वस्तीत सगळेच म्हणायचे. 'पाणी' म्हटल्याशिवाय वडील तांब्या हातात द्यायचे नाहीत. म्हणायचे, "लोक खोट काढायला टपलेले असतात. जिभेत तरी सापडू देऊ नका."

मी जीभ घासून घासून स्वच्छ केली. ण स्वच्छ, ळ स्वच्छ. त्या जिभेवर मग लिमये आली.

"नमस्कार, लिमये बोलतेय." पहिल्या दिवशी फोन उचलण्याआधी मी ते दोनदा मनात म्हणून पाहिलं. आठवडाभरात काही वाटेनासं झालं.

खरं तर मला फोनसाठी घेतलंच नव्हतं. मी एमसीए. प्रोग्रॅम लिहायला घेतलं होतं. पण चार माणसांच्या कंपनीत जो हाताशी असेल त्यानं सगळं करायचं असतं. सर सॉफ्टवेअर विकायचे. मॅडम मंडळांत जाऊन शिकवायच्या. प्रफुल यवतमाळकडचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पत्रिका आणि यादी छापण्याचं काम त्याच्याकडे. बाकी आतलं यंत्र सगळं माझं. स्थळ कसं नोंदवायचं, कसं शोधायचं, कुणाला कोण दाखवायचं, हे सगळं मी पहिल्या दोन वर्षांत लिहून काढलं. जातींची यादीसुद्धा मी माझ्या हातानं टाइप केली. धर्म, जात, पोटजात, शाखा, गोत्र. एकेक ओळ. धर्माच्या रकान्यात मी 'बौद्ध' घातलं होतं. सरांनी पाहिलं.

"हे काढ. आपल्या मंडळांना लागत नाही. यादी उगाच लांबते."

मी काढलं. एक ओळ तर होती. पुसायला वेळ लागला नाही.

आता कुमुदकाकूंबद्दल सांगायला हवं. त्या आमच्या सगळ्यात जुन्या कस्टमर. सदाशिव पेठेत राहत्या घरीच, पुढच्या खोलीत, सूचक मंडळ चालवायच्या. वय सत्तरीच्या आसपास. कॉम्प्युटर त्यांच्या मुलानं बसवून दिला होता आणि मग तो परदेशात निघून गेला होता. त्यामुळे काही अडलं की फोन मला.

"अगं लिमये, ते सगळं निळं झालं बघ."

मी सांगायचे, काकू, डावीकडचं बटण दाबा. त्या दाबायच्या उजवीकडचं. मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी अर्धा तास. मला कंटाळा यायचा नाही. त्या मधेच गुडघ्याचं सांगायच्या, मुलाचं सांगायच्या, सुनेला वरण येत नाही ते सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझं बोलणं ऐकलं की बरं वाटतं. हल्ली पोरी 'मी आली, मी गेली' करतात. तुझ्या घरी कुणी मास्तर होतं का?"

"वडील," मी म्हणाले. तेवढं तरी खरं होतं.

दिवाळीला त्या फराळाचा डबा पाठवायच्या. सरांच्या हाती. 'लिमयेला द्या.' चकल्या नुसत्या नावाला नसायच्या, खरंच चांगल्या असायच्या. मी घरी न्यायचे. आई विचारायची, कुणी दिल्या. मी म्हणायचे, ऑफिसातल्या काकूंनी. काकूंनी मला कधी पाहिलं नव्हतं. त्यांना जिने चढवत नव्हते, आणि मला त्यांच्याकडे पाठवायचं नाही, हे न बोलता ठरलेलं होतं.

मला लिमये आवडायला लागली होती. हे कुणाला सांगितलं नाही आजवर. लिमयेला लोक 'अहो' म्हणायचे. लिमये चुकली तर 'होतं असं कधी कधी' म्हणायचे. तिच्या हुशारीचं कुणाला आश्चर्य वाटायचं नाही. मी फोन ठेवायचे आणि परत मी व्हायचे, आणि मला माझाच राग यायचा. का यायचा ते कळायचं नाही.

चौथ्या वर्षी असं झालं. बोपोडीहून येण्याजाण्यात जीव जायचा, म्हणून मी पेठेत एक खोली भाड्यानं बघायला गेले. एकटीच. दार उघडलं ते एका बाईंनी. स्वच्छ साडी, हातात सोललेल्या मटारांची वाटी. दारातच विचारलं, "आडनाव?"

"लिमये," मी म्हणाले.

फोनवर नाही. सरांनी सांगितलं म्हणून नाही. स्वतःहून. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं. बाईंनी दार पूर्ण उघडलं. "या ना, बसा." पाणी दिलं. खोली दाखवली. खिडकीतून पारिजातक दिसत होता. बाई म्हणाल्या, "आम्हाला माणसं चांगली हवीत हो, बाकी काही नाही." मी हो हो म्हणत होते. मग त्या म्हणाल्या, आधार कार्डाची झेरॉक्स तेवढी आणून द्या.

मी जिना उतरले ते धावतच. रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. माझं वय एकोणतीस, मी एमसीए, आणि मी एका अनोळखी बाईसमोर आजोबांना, वडलांना, सगळ्यांना पुसून एक ग्लास पाणी पिऊन आले होते.

तेव्हा तरी काही करायला हवं होतं. नाही केलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता, "नमस्कार, लिमये बोलतेय."

पुढच्या वर्षी कंपनीची नवी वेबसाइट झाली. त्यात एक पान होतं, 'आमची माणसं'. फोटोग्राफर आला. सर, मॅडम, प्रफुल, आणि नुकतीच लागलेली ऋतुजा, जिला अजून लॉगिनचा पासवर्ड पाठ झाला नव्हता. सगळ्यांचे फोटो झाले. मी केस विंचरून उभी.

"तुझं राहू देऊ या," सर म्हणाले. "एक नाव टाकलं तर खोटं, दुसरं टाकलं तर प्रश्न. उगाच गुंतागुंत."

ते पान मीच अपलोड केलं. चार फोटो. खाली ओळ, 'ही आहे आमची संपूर्ण टीम.' ती ओळ मॅडमनी लिहिली होती. शुद्धलेखन मी तपासलं.

आणि मग तो फोन.

आई बाथरूममध्ये घसरली. मनगट मोडलं. वडील तिला घेऊन हॉस्पिटलात. माझा मोबाइल ड्रॉवरमध्ये, कारण फोनवर बोलताना दुसरा फोन वाजलेला सरांना चालायचा नाही. वडलांनी ऑफिसचा नंबर शोधून लावला. तो ऋतुजानं उचलला; तिला मी लिमये म्हणूनच माहीत होते. मी तिच्यापासून चार हातांवर बसले होते, दुसऱ्या फोनवर, कुठल्याशा मंडळाला पत्रिका छापायला शिकवत. मी ऐकलं तिचं बोलणं. मला शब्द आठवतात.

"नाही हो काका, या नावाचं इथे कोणी नाही. राँग नंबर लागलाय."

मी ऐकलं आणि मान वळवली नाही. कुणाचा तरी राँग नंबर असेल, एवढंच डोक्यात आलं.

संध्याकाळी घरी गेले तर आईचा हात प्लास्टरमध्ये. वडील आमटी गरम करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या ऑफिसात फोन केला होता. तुझं पूर्ण नाव सांगितलं. दोनदा. या नावाचं कोणी नाही म्हणाली."

मी पिशवी खाली ठेवली.

"मी म्हटलं, असेल, आपलाच नंबर चुकला असेल." मग वळले. "नंबर बरोबर होता ना?"

"हो."

मग मी सगळं सांगितलं. लिमये, मॅडमचं माहेर, सगळं. खोलीचं तेवढं नाही सांगितलं. वडील चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गॅस बंद केला. आईला गोळी दिली. पाणी दिलं. मग म्हणाले, "मला फॅक्टरीत जेवायला वेगळं बसवायचे. बसलो. पण हजेरीला माझंच नाव घ्यायचे."

आणि आमटी वाढायला घेतली.

माणूस एका क्षणात जागा होतो, असं लिहितात. मी जागी झाले आणि तशीच पडून राहिले. आणखी चार महिने मी लिमयेच होते. नोकरी सोडून जायचं कुठं, हा प्रश्न होता. आईचा हात होता. आणि भीती होती. भीतीला कारणं शोधायला लागत नाहीत, तीच कारणं घेऊन येते.

त्यानंतर एका सकाळी, नुकतंच ऑफिस उघडलेलं, काकूंचा फोन.

"अगं लिमये, एक छोटंसं काम आहे. फॉर्ममध्ये ते 'आंतरजातीय चालेल' असं आहे ना, त्यानं घोटाळा होतो बघ."

"काय घोटाळा, काकू?"

"अगं, चालेल म्हणजे कुणीही चालेल असं नसतं ना. लोक मला येऊन बोलतात. परवा एकांना भलतंच स्थळ गेलं. तू त्याच्याखाली एक टिक करायची सोय दे. 'एस.सी., एस.टी. क्षमस्व.' पेपरात छापतात तसं. टिक असली की ती स्थळं दिसायलाच नकोत."

मी लिहून घेत होते. सवयीनं. पेन आपोआप चालत होतं.

"आणि असं कर, ती टिक आधीच केलेली असू दे. ज्याला नको असेल तो काढेल. काय होतं, लोकांना स्वतःच्या हातानं करायला लाज वाटते गं. मनात असतं, पण फॉर्म समोर आला की हात अडखळतो. आपणच केलेली असली की त्यांना बरं."

पेन थांबलं.

"ऐकतेयस ना? तुला कळतंय मला काय म्हणायचंय ते. तू आपल्यातलीच, म्हणून तुझ्याशी बोलायला संकोच वाटत नाही."

"काकू, मी लिमये नाही."

"म्हणजे? लग्न ठरलं की काय तुझं?"

त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. तो मी आजही ऐकते.

"नाही. मी लिमये कधीच नव्हते." मग मी माझं नाव सांगितलं. माझं, वडलांचं, आडनाव. हजेरीला वडलांचं नाव जसं घेत असतील तसं, एकेक शब्द सुटा. "आम्ही बौद्ध आहोत, काकू."

तिकडे स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं. समोर प्रफुल माझ्याकडे बघत होता. ऋतुजाचं तोंड उघडं.

"अस्सं," काकू म्हणाल्या. थोडं थांबून, "आवाजावरून वाटत नाही." आणखी थांबून, "वृंदाला फोन दे."

सहा वर्षं मी त्या बाईला डावं आणि उजवं शिकवलं होतं.

मॅडम आतून फोनवर पंधरा-वीस मिनिटं बोलल्या. 'नाही हो, तसं नाही', 'आम्हालाही', 'तुमचं बरोबर आहे'. मग मला आत बोलावलं. या वेळी चहा नव्हता.

"काय गरज होती?" सर म्हणाले.

"मी ते काम करणार नाही, सर."

"अगं, एक चेकबॉक्स आहे तो. कस्टमरनं मागितलेली सोय. तुला कुणी शिवी दिलीय का? आवाज चढवलाय? 'क्षमस्व' लिहायचंय. किती सभ्य शब्द आहे."

"क्षमस्व म्हणजे क्षमा करा. माझ्याकडेच मागताहेत ना? मी करत नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. "तू सगळं स्वतःवर घेतेस."

"कुणावर घेऊ मग?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं, नाटक नव्हतं. "मी तुला माझं नाव दिलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या वडलांचं. कुणी देतं का?"

"परत घ्या."

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. भिंत पडेल. सर हाकलून देतील, किंवा लाजतील. काही झालं नाही. सर म्हणाले, "ठीक आहे. तू नको करूस. प्रफुल करेल."

प्रफुल माझ्या बाजूच्या खुर्चीत बसायचा. सहा वर्षं आम्ही डबा एकत्र खाल्ला होता. माझ्या आईच्या हातची शेवग्याची भाजी त्याला आवडायची. तो हळूच म्हणाला, "मले समजते गं सगळं. पण मी काय करू, सांग? माह्या घरी मी एकटाच कमावता आहो. मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्याले बसवतील."

"कर," मी म्हणाले. मी त्याला दोष दिला नाही. आजही देत नाही. पण त्या दिवसानंतर आम्ही डबा एकत्र खाल्ला नाही.

त्याचं काम दुपारच्या जेवणापासून चारच्या चहापर्यंत झालं. मी तो भाग इतका नीट लिहिला होता, प्रत्येक ठिकाणी इतकं स्वच्छ समजावून ठेवलं होतं, की त्याला मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. जातींची यादी माझी. शोधायची रीत माझी. त्यानं फक्त चाळणी बसवली. माझ्याच चौकटीत ती अशी चपखल बसली, जणू मी तिच्यासाठीच जागा सोडली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरचा फोन ऋतुजाच्या टेबलावर गेला. ऋतुजाला आडनाव बदलावं लागलं नाही.

सर बाहेर आले. "आता तुला मोकळा वेळ आहे, तर प्रफुलचं काम तपासून दे. चालतंय का एवढंच बघायचं. लिहायला तुझा नकार होता, तपासायला नसावा."

पुणेरी शहाणपण. मी त्यांच्याकडे बघितलं. ते आत निघून गेले होते.

तपासायचं म्हणजे खोटी स्थळं भरायची आणि टिक असताना कोण दिसतं, नसताना कोण दिसतं ते बघायचं. मी खोटं भरलं नाही. मी मला भरलं. पूर्ण नाव. वडलांचं नाव. वय एकतीस. उंची पाच फूट दोन. शिक्षण एमसीए. जात. धर्माच्या यादीत आमचा धर्म नव्हता, तो मीच काढला होता, म्हणून तो रकाना रिकामा. फोटो माझा. वेबसाइटवर न लागलेला तोच. तपासणीच्या यादीत माझ्याखेरीज कुणी नव्हतं. मग मुलाच्या बाजूनं शोधलं. टिक आधीच केलेली होती. पडद्यावर आलं, 'आपल्या अपेक्षेनुसार एकही स्थळ उपलब्ध नाही.'

ते वाक्यही मीच लिहिलेलं. पहिल्या वर्षी. सभ्य वाटावं म्हणून तीन वेळा बदललं होतं.

मी टिक काढली. मी दिसले. केली. गेले. काढली, केली. किती वेळा केलं ते आठवत नाही. रडू आलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा एक टिक होती, ती मॅडमच्या मऊ आवाजात होती. पेठेतल्या त्या बाईंच्या दारात होती. सगळीकडे ती आधीच केलेली होती. मी सहा वर्षं ती चुकवायची युक्ती शिकत होते, आणि तिला नोकरी म्हणत होते.

मी तपासणीचा अहवाल लिहिला. दोन ओळी. 'सोय बरोबर चालते. ती लावल्यावर मी दिसत नाही.' खाली माझं पूर्ण नाव. त्या ऑफिसातून माझ्या नावानं गेलेलं ते पहिलं पत्र. सरांना, मॅडमना, प्रफुलला, ऋतुजाला पाठवलं. आणि सगळ्या मंडळांना, ज्यांच्याशी मी सहा वर्षं बोलत होते. दुसऱ्या पत्रात राजीनामा.

एकाही मंडळाचं उत्तर आलं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. ऋतुजानं जाताना माझी पिशवी जिन्यापर्यंत धरली. "मॅडम, त्या दिवशी तुमच्या बाबांचा फोन होता ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. तिनं पिशवी माझ्या हातात दिली.

सरांनी अनुभवाचा दाखला दिला. त्यात लिहिलं होतं, 'टेलिफोन साहाय्यक'. मी म्हटलं, सर, तुमचं अख्खं सॉफ्टवेअर मी लिहिलंय. ते म्हणाले, "कागदावर तसं कुठंय? कस्टमर तर तुला फोनवरचीच समजतात." खोटं नव्हतं ते.

वडील मला त्यांच्या ओळखीच्या एका वकिलांकडे घेऊन गेले. आपल्यातलेच वकील, अनुभवी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. विचारलं, जातीवरून शिवी दिली का? नाही. चार लोकांसमोर अपमान? चहा पाजून केला. तुमच्या नावानं काही लेखी? नाही. आडनाव बदलायला जबरदस्ती केली? मी बरं म्हणाले होते. वकिलांनी पेन खाली ठेवलं. "ताई, ही माणसं हात न लावता मारतात. खूण कुठं दाखवायची?" परत आल्यावर रिक्षातून उतरायला वडलांनी माझा हात धरला. मला वाटतं, त्या दिवशी ते म्हातारे झाले.

पुढचे सहा-सात महिने मुलाखती दिल्या. दाखल्यावरचं 'टेलिफोन' वाचून निम्मे लोक पुढचं पानच उलटत नव्हते. आता मी हिंजवडीला एका मोठ्या कंपनीत कंत्राटावर आहे. तपासणीचंच काम. सकाळी कंपनीच्या बसमध्ये दीड तास, संध्याकाळी दीड तास. तिथं सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात. मोकळं वातावरण, असं म्हणतात. मागच्या आठवड्यात बसमध्ये शेजारी बसणारा एक जण हसत म्हणाला, "तुझं पूर्ण नाव काय गं?" मी सांगितलं. "अच्छा," तो म्हणाला, आणि मोबाइल काढून बघत बसला. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या सीटवर बसला होता. कदाचित त्याला खिडकी हवी असेल. असं म्हणायला मला आवडलं असतं.

प्रफुलचा फोन आला होता. त्यानं न विचारता सांगितलं, ती टिक सगळ्याच मंडळांनी मागून घेतली. सरांनी माहितीपत्रकात तिचा वेगळा उल्लेख केलाय. एकाही मंडळानं ती 'आधीच केलेली नको' असं कळवलं नाही. "काकू तुह्याबद्दल काही विचारत नाही," तो म्हणाला. मीही विचारलं नव्हतं.

तर हे असं आहे. मी नाही म्हणाले आणि काहीही बदललं नाही. ती चाळणी रोज चालते आहे, माझ्या लिहिलेल्या ओळींवर चालते आहे, आणि ती बंद करणं माझ्या हातात नाही. कुणाला पश्चात्ताप होईल याची मी वाट बघत नाही. या शहराकडून मला काही अपेक्षा उरलेली नाही. वडलांनी घासून दिलेली भाषा मी यापुढे कुणाला खूश करायला वापरणार नाही, आणि कुणी दार अर्धं उघडून विचारलं तर तिथंच, उंबऱ्याबाहेर, माझं नाव सांगेन. दार लागलं तर लागलं.

आणि कामाचं ठरलंय. ज्या कामात माझी माणसं वगळायची असतील, त्याला माझा हात लागणार नाही. लिहायलाही नाही, तपासायलाही नाही. पहिल्याच दिवशी नाही म्हणेन. लेखी. खाली पूर्ण नाव. नोकरी जाईल, पुढचीही जाईल. माझ्या शेजारच्या खुर्चीतला कुणीतरी ते काम दुपारच्या जेवणापासून चारच्या चहापर्यंत करून टाकेल, हेही मला माहीत आहे.

त्याला करू दे. मी करणार नाही.